तुम्ही विचारलंत म्हणून

"काय सांगस पोर तुमले?" अमळनेरच्या बाजारात वांगी निवडतानाही हा प्रश्न मला गाठतो. मी मुलांचं समुपदेशन करते म्हणजे अख्ख्या गल्लीच्या किल्ल्या माझ्याकडे! सांगत नाही म्हटलं की पुढचं तयारच असतं: "आन् त्या पोरीच्या टायमाले बरं पोलिसात गेल्या!"

गेले. आता ऐकाच. गाव, नातं, वय बदलून लिहितेय. तेवढंही पाळलं नाही, तर माझ्यात आणि पारावरच्या गप्पांत फरक तो काय?

परीक्षेची भीती म्हणून आणलेली पोरगी. चौथ्या भेटीत पेनाचं टोपण उघडझाप करत म्हणाली, "आखाजीला (म्हणजे अक्षय्य तृतीयेला) काकाच्या मळ्यातल्या झोक्यावर मी नाही जाणार." मग हळूहळू सगळं बोलली. शेवटी म्हणाली, "ताई, कोनले सांगू नका."

मी म्हणाले, "नाही सांगणार."

असा शब्द द्यायचा मला हक्कच नव्हता. मूल अठराच्या आतलं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याचं कलम १९ लागू. कळवायचंच, नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद. पण कैदेचं सोडा. "तुझं बोलणं माझ्याजवळ राहील, पण तुला कोणी त्रास देत असेल तर मला पुढे कळवावं लागेल, आणि ते आधी तुला सांगूनच," हे पहिल्या भेटीतच सांगायचं असतं. मी सांगितलं नव्हतं. पोरं बुजतात म्हणून. म्हणजे भरवसा मिळवायला मी अर्धंच बोलले होते.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावून सांगितलं. ती रडली नाही. टोपण लावलं आणि विचारलं, "मग आधी का नाही सांगितलं?"

याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. तक्रार झाली, भावकी फुटली, ती परत आली नाही. तिची आई मला पाहून रस्ता बदलते.

तेव्हाची मी अजून भांडते: गप्प राहिली असतीस तर पोरगी तरी टिकली असती. टिकली असती, पण कुठे? त्याच घरात ना?

आणि तुमचा पहिला प्रश्न. मैत्रीण, मोबाईल, चोरून ओढलेली एखादी सिगारेट, हे मी घरी पोचवलं तर पोर दुसऱ्या दिवशी येणार नाही. मग मळ्यातलं माझ्या कानावर येणार कसं?

गेल्या पावसाळ्यात त्याच भावकीतली एक बाई लेकीला घेऊन आली. दारातच म्हणाली, "तुम्ही बोलून टाकता म्हने." कौतुक होतं की ताकीद, कळलं नाही. मी खुर्ची पुढे केली आणि या वेळी आधी नियम सांगितले.