एक कॉलर, दोघांची चक्कर
बडोद्यात दांडिया बाजारजवळ माझं छोटं फिजिओथेरपी क्लिनिक आहे आणि चक्कर आली म्हणजे मानच, हे इथे पेशंटनी आधीच ठरवून टाकलेलं असतं. गेल्या पावसाळ्यात एक काका-काकू आले, दोघांनाही चक्कर, दोघांच्याही एक्सरेत सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस, म्हणजे मानेच्या मणक्यांची झीज, आणि कहर म्हणजे दोघांत मिळून मानेचा पट्टा, म्हणजे कॉलर, एकच! सकाळी काका लावणार, दुपारी काकू. मला सांगितलं, ट्रॅक्शन लावा, म्हणजे मानेला ताण द्या.

आता साठीनंतर एक्सरे काढला तर बहुतेकांची मान झिजलेलीच दिसते, चक्कर असो नसो. म्हणून फाईल बाजूला ठेवली आणि विचारलं, काका, नेमकी कधी येते? तर म्हणे, "अगं उजव्या कुशीला वळलो की पंखा, कपाट सगळंच गरागरा फिरतं, पंधरा-वीस सेकंद, मग काहीच नाही." माझी ट्यूब पेटली. मान खरंच आखडलेली होती म्हणून डोकं टेबलाबाहेर लटकवलं नाही, खांद्याखाली उशी दिली, मान 45 अंश उजवीकडे वळवून त्यांना पटकन आडवं केलं. दोन-चार सेकंद शांतता, आणि मग बुबुळं अशी गोल उडायला लागली की काकांनी माझं मनगटच धरलं. म्हणजे दुखणं कानाचं. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक कण असतात, ते सुटून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की डोकं हललं रे हललं, मेंदूला वाटतं आपण फिरतोय. ते कण नळीतून बाहेर काढायला तिथल्या तिथे एप्ली मॅन्युव्हर केली, डोकं ठरलेल्या क्रमाने वळवत, प्रत्येक ठिकाणी थांबत, मग पुन्हा तपासलं तर बुबुळं स्थिर.

काकूंचं काही फिरतच नव्हतं, देवघरातून उठल्या की डोळ्यांपुढे अंधारी. झोपवून वरचं बीपी 138, उभं राहून दोन मिनिटांनी 110, म्हणजे उठल्यावर बीपी पडत होतं. बीपीच्या गोळ्या चालू होत्या. त्या कमी-जास्त करणं माझं काम नाही, फिजिशियनना चिठ्ठी लिहून दिली.

मानेमुळे चक्कर येतच नाही असं नाही हं. मानेच्या वरच्या सांध्यांतून मेंदूला जाणारे संदेश बिघडले की तोल गेल्यासारखं वाटतं, पण सोबत मान दुखते, आणि बाकीची कारणं वगळल्यावरच ते नाव द्यायचं. मान वळवल्यावर रक्तवाहिनी दाबली जाणं फार क्वचित. मला खरी भीती मज्जारज्जू दाबला जाण्याची, पाय अडखळतात, शर्टाचं बटण लागत नाही आणि पेशंट त्यालाही चक्करच म्हणतो! आणि चक्करसोबत बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले तर माझ्याकडे नाही, सरळ हॉस्पिटल.

निघताना काकू म्हणाल्या, मग कॉलरचं काय करायचं? म्हटलं काढून ठेवा, नाहीतर मानेचे स्नायू आळशी होतील. आणि काका, हे कण पुन्हा सुटू शकतात, तेव्हा माळ्यावरून कॉलर काढू नका, मला फोन करा.