‘जर्मनचे पातेले’ हे नाव आले कोठून?

माझी आजी ॲल्युमिनियमच्या पातेल्याला ‘जर्मनचे पातेले’ म्हणत असे. गावाकडे त्याचेच ‘जर्मल’ झाले होते. ॲल्युमिनियम हा मिश्रधातू नव्हे. तरीही त्याचे हे घरगुती नाव ‘जर्मन सिल्व्हर’ या मिश्रधातूकडून आले असावे, असे मला वाटते.

जर्मन सिल्व्हरमध्ये चांदीचा अंशही नसतो. त्यात निम्म्याहून अधिक तांबे आणि उरलेले निकेल व जस्त असते. निकेल पुरेसे मिसळले की तांब्याचा तांबूसपणा लोपून चांदीसारखी झळाळी येते. चीनमध्ये हा मिश्रधातू फार पूर्वीपासून तयार होत होता आणि अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये तो ‘पाकतोंग’ या नावाने ओळखला जाई. कँटनच्या बोलीत या शब्दाचा अर्थ ‘पांढरे तांबे’ असा आहे, आणि या धातूच्या सर्व नावांत मला हेच सर्वांत प्रामाणिक वाटते.

त्यातील निकेलच्या नावाची कथा तर अधिकच सुरस आहे. जर्मनीतील खाणकामगारांना तांब्याच्या खनिजासारखा दिसणारा एक लालसर दगड सापडे, पण तो कितीही वितळवला तरी तांबे हाती लागत नसे. हा खोडकर भुताचा खेळ आहे असे समजून त्यांनी त्या दगडाला ‘कुप्फरनिकेल’, म्हणजे तांब्यातले भूत, म्हणायला सुरुवात केली. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ क्रोनस्टेट यांनी 1751 मध्ये अशाच खनिजातून नवा धातू वेगळा केला आणि ‘तांबे’ गळून त्याच्या नावात केवळ भूत उरले.

पुढे 1823 मध्ये जर्मनीच्या सॅक्सनी भागातील श्नेबेर्ग या खाणींच्या गावी गाइटनर या रसायनशास्त्रज्ञाने पाकतोंगसारखा मिश्रधातू तयार केला आणि चांदीच्या लॅटिन नावावरून त्याला ‘अर्जेंटान’ म्हटले. बर्लिनमध्ये तो ‘नॉयझिल्बर’, अर्थात ‘नवी चांदी’, झाला. इंग्रजांनी मात्र त्याला त्याच्या देशाच्या नावाने हाक मारली, आणि तेच नाव आपल्याकडे पोहोचले.

ॲल्युमिनियम स्वस्तात काढण्याची रीत 1886 मध्ये सापडली. त्यानंतर आलेल्या पांढऱ्या, हलक्या भांड्यांना मराठीने जुन्या नावातले ‘जर्मन’ तेवढे दिले आणि ‘सिल्व्हर’ सोडून दिले. आजही भांड्यांच्या दुकानात जर्मनची कढई आणि हळदीकुंकवाच्या वाणासाठी ठेवलेला जर्मन सिल्व्हरचा करंडा शेजारी शेजारी दिसतात, आणि दोन्हींचे धातू अगदी वेगळे असतात.