पिशवी कोणी भरायची

१९ एप्रिल, रविवार

स्काऊट-गाईड शिबिराची पालकसभा आज ठेवली, हीच माझी पहिली चूक. आखितीच्या दिवशी शाळेत कोण येतंय? घरोघरी आमरस, पितरांचा घास, दुपारची झोप आणि मी अकरा वाजता वर्गात खडू घेऊन उभा. २२ घरांपैकी नऊ घरं आली. त्यातले दोघं बाजूच्या रस्त्यानं चालले होते, दार उघडं दिसलं म्हणून डोकावले.

शिबिर १० ते १६ मे, पचमढीला. प्रवास धरून नऊ दिवस. १४ स्काऊट, आठ गाईड, मी आणि गाईड कॅप्टन मॅडम. परभणीहून सकाळची सचखंड एक्स्प्रेस धरायची, मनमाड-भुसावळ-खंडवा करत इटारसीला उतरायचं, तिथून जबलपूरकडची गाडी पकडून पिपरिया आणि मग घाट चढून वर. तिकिटं मार्चमध्येच काढून ठेवलीत. आरक्षण हल्ली ६० दिवस आधी उघडतं आणि उन्हाळ्यात उघडल्या उघडल्या संपतं. बीडला गेल्या १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या मुहूर्तावर रेल्वे आली खरी, पण ती अहिल्यानगरकडं तोंड करून. आम्हाला परभणीच गाठायची. पथकातली १६ लेकरं आजवर रेल्वेत बसलेली नाहीत.

सभेत अर्धा तास फोनवरच गेला. फोन नेऊ द्यायचा नाही म्हटल्यावर एक वडील म्हणाले, "सर, मग पोरगं पोचलं हे आम्हाला कळायचं कसं?" मी म्हणालो, रोज रात्री नऊला मी ग्रुपवर एक ओळ टाकणार. त्यावर मागून कोणीतरी, "फोटू टाकायलात का?" टाकतो म्हणालो. नको म्हणायला हवं होतं. आता रोज २२ चेहरे एका फोटोत बसवावे लागणार, आणि ज्याचा चेहरा झाकला जाईल त्याच्या घरून मध्यरात्री फोन.

मुलींच्या घरचे प्रश्न वेगळे आणि शहाणे होते. संडास राहुट्यांपासून किती लांब, रात्री जायचं झालं तर सोबत कोण, पाळी आली तर काय सोय. मॅडमनी एकेकाचं उत्तर कागदावर लिहून दिलं. एक घर सोडलं तर मुलांच्या आयांनी एवढं नेमकं काही विचारलं नाही. त्यांची सगळी काळजी जेवणाची.

फळ्यावर मी एकच वाक्य लिहिलं आणि त्यावर काट मारली: "करमलं नाही तर सांग, मी न्यायला येतो." हे वाक्य घरून निघताना कोणी बोलायचं नाही. प्रेमानंच बोलतात, पण लेकरू ते खिशात घालून आणतं. दिवसभर ठीक असतं. दिवेलागण झाली की स्वतःलाच विचारत बसतं, मला करमायलंय का? आणि असं विचारलं की नाहीच करमत. पहिल्या दोन रात्री जड जातात, तिसऱ्या दिवशी पोरं आपापली भांडायला लागतात. भांडायला लागली की मी निर्धास्त होतो.

"मग निघताना म्हणायचं काय?" एका आजीनं विचारलं. म्हणालो, "आल्यावर मला सगळं सांग, एवढंच म्हणा."

संध्याकाळी एका पोराच्या मामाचा फोन. १७ मेपासून अधिक महिना लागतोय, त्याच्या आत लग्नं उरकायची सगळ्यांना घाई. मामाचं लग्न १२ तारखेला. "भाचा मांडवात नको का, सर?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. एक जागा रिकामी झाली.

२२ एप्रिल

रिकाम्या जागेसाठी आठवीतला एक पोरगा डोक्यात होता. वस्तीवर गेलो. पट्टा पडून, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपून, आई-बाप महिन्याभरापूर्वी परत आलेत. सहा महिने घर बंद, त्यामुळं बाप पत्र्यावरचे दगड सारखे करत होता. तो खाली उतरला, मला बाज दिली, स्वतः उंबऱ्यावर टेकला. मी सगळं सांगितलं. जंगल, राहुटी, उघड्यावरचा स्वयंपाक, दोऱ्यांच्या गाठी. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला,

"गुरुजी, पैसे देऊन पालात ऱ्हायला न्यायचं व्हय? आम्ही सहा महिने कोपीतच ऱ्हातोत की."

पैशाचं नाही, म्हणालो. पोरांनी जानेवारीत 'खरी कमाई'ला, म्हणजे स्वतः राबून पैसे मिळवायच्या स्काऊटच्या उपक्रमात, शाळेत भेळ, ताक, उसाचा रस विकला होता. त्या पैशातून दोघांची फी भरायचं आमचं आधीच ठरलंय. त्यानं मान हलवली. त्याचा प्रश्न पैशाचा नव्हताच. पाचवीपर्यंत हे पोरगं दर दिवाळीनंतर आई-बापासोबत कारखान्यावर जायचं. पहाटे तीनला उठून चूल पेटवायचं, धाकट्या बहिणीला सांभाळायचं, पाणी आणायचं. नंतर हंगामी वसतिगृह सुरू झालं, तेव्हापासून गावात राहतं. त्याला राहुटीत झोपवून मी काय शिकवणार?

स्काऊटचं पहिलं शिबिर चळवळीचा संस्थापक बेडन पॉवेलनं इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर घेतलं, ऑगस्ट १९०७ मध्ये. मुलं २०. निम्मी बड्या शाळांतली, निम्मी कामकऱ्यांच्या घरची. त्यानं त्यांना वेगवेगळं न ठेवता चार संघांत मिसळून टाकलं. दीक्षाविधीच्या वेळी ही गोष्ट मी दरवर्षी छाती फुगवून सांगतो. बड्या घरच्या पोरांना त्या सात-आठ दिवसांत काय मिळालं, हे मला पाठ आहे. दुसऱ्या पोरांना काय मिळालं, हे मी स्वतःला आजपर्यंत विचारलं नव्हतं.

निघताना पोरगं रस्त्यापर्यंत आलं. म्हणालं, "सर, रेल्वेत खिडकीची जागा राहील का?"

राहील म्हणालो. त्याचं नाव लिहून टाकलं.

२६ एप्रिल, रविवार

काल शाळेच्या मैदानावर सरावाची रात्र काढली. सात दिवसांच्या शिबिराआधी एक रात्र घराबाहेर झोपवून बघायची, हे मी तीन शिबिरं फसल्यावर शिकलो. कोण रात्री दचकतं, कोणाला अंधारात चप्पल सापडत नाही, कोण न सांगता कुंपणाबाहेर जातं, सगळं इथंच कळतं आणि घर हाकेच्या अंतरावर असतं.

संध्याकाळी सहा वाजता तंबू ठोकायला घेतले तरी जमीन तव्यासारखी. मेखा आत जाईनात. ओ.आर.एस. प्रत्येकाकडून पाठ म्हणून घेतलं: उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. दोघांनी उलटं सांगितलं, सहा मीठ आणि अर्धी साखर. त्यांना तेच करून प्यायला लावलं. एक घोट पुरला.

मग गाठी. रीफ, शीट बेंड, क्लोव्ह हिच ठीक झाल्या. टिंबर हिच दाखवत होतो, ओंडका ओढून न्यायची गाठ. वस्तीवरच्या पोरानं माझ्याकडं न बघताच ती मारली आणि वर आणखी एक वेढा दिला. तो वेढा माझ्या पुस्तकात नाही. नाव विचारलं तर म्हणाला, "नाव नसतं सर, मोळी बांधायची असती." मला भलताच उत्साह आला. सगळ्यांना गोळा केलं, "बघा रे, याच्याकडून शिका." चूल लावायलाही त्यालाच पुढं केलं. तीन दगड, वाऱ्याकडं पाठ, एका काडीत जाळ. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

जेवणं झाल्यावर हा दिसेना. हापशाजवळ एकटाच बसला होता. मी शेजारी बसलो. बऱ्याच वेळानं म्हणाला, "सर, तिथं पन मीच चूल पेटवायची का?"

त्याच्या वाट्याला जे राबणं आलं, त्याचं मी कौतुक करून पुन्हा त्याच्याच गळ्यात बांधत होतो. रात्री कामाची पाळीपत्रकं काढून बसलो आणि सगळी बदलली. त्याच्या संघाची चूल बँकेतल्या साहेबांच्या पोराकडं. त्या पोराला काडी ओढायची भीती वाटते, म्हणून त्याच्याचकडं. वस्तीवरच्याला नकाशा आणि होकायंत्र दिलं. होकायंत्र हातात आल्यावर तो मैदानभर गोल गोल फिरून बघत होता की सुई आपल्यासोबत फिरते का.

सकाळी सगळे गेल्यावर एक आई थांबली. सभेत सगळ्यात आडवे प्रश्न तिच्याच घरचे होते: गादी किती जाड, कोणत्या बाजूला झोपवणार, पांघरूण कोण धुणार. मला तेव्हा राग आला होता. आज तिनं आवाज बारीक करून सांगितलं की पोरगं अजून कधीकधी अंथरुणात करतं. काल रात्री झोपलंच नाही ते, भीतीनं. कोण ते इथंही लिहीत नाही. तिला सांगितलं, गडद रंगाची चादर आणि एक जादा पायजमा द्या, संध्याकाळी सातनंतर पाणी कमी करतो, रात्री बारा वाजता मी तिघा-चौघांना उठवतो त्यात त्यालाही उठवीन. एकट्याला नाही. आणि त्याला सांगा की सरांना माहीत आहे, सर हसले नाहीत. ती एवढी रडली की मला हापशाकडं जायचं निमित्त काढावं लागलं.

१ मे

झेंडावंदन, निकाल, पेढे. डॉक्टरांचा दाखला अजून चौघांचा नाही. संमतीपत्र एकाचं आलं, पण सही पोरानंच केलेली, वळणावरून लगेच ओळखू आली. वडिलांना फोन केला तर म्हणाले, "मीच म्हनलो त्याला कर म्हणून."

३ मे, रविवार

आज पिशव्यांची झडती. नियम एकच आणि तो मी महिनाभर कोकलतोय: पिशवी ज्याची त्यानं भरायची. आईनं शेजारी बसून यादी वाचावी, हात लावू नये.

पहिल्याच पोराला विचारलं, "टॉर्च कुठंय?"

"मम्मीला माहीत."

साबण? मम्मीला माहीत. गणवेशाचा दुसरा जोड? तोही मम्मीला. आणि मम्मी पचमढीला येणार नाहीत. मग सगळ्यांच्या पिशव्या सतरंजीवर रिकाम्या करायला लावल्या. सात पोरांनी आपल्याच पिशवीतल्या वस्तू पहिल्यांदा बघितल्या. एकाच्या पिशवीतून इस्त्री केलेले नऊ शर्ट निघाले, एकाच्यातून छोटा पंखा. बँकेतल्या साहेबांकडून चाकाची बॅग आलीय. घाटातल्या शिबिरात तिची चाकं मुरूम गोळा करतील, बाकी काही नाही. ती परत पाठवली आणि माझी जुनी पाठपिशवी दिली. वहिनी थोड्या नाराज झाल्या. होऊ देत.

खाण्याचं तर विचारूच नका. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लाडू, एका घरून लोणच्याची अख्खी बरणी. दशम्या आणि चटणी प्रवासाच्या दोन दिवसांपुरती ठेवू दिली. धपाटे फक्त पहिल्या दुपारचे, या उन्हात दुसऱ्या दिवशी वास सुटतो. बाकीचं परत. लोणच्याला मी हरलो, ते माझ्या पिशवीत आलं.

औषधं मात्र माझ्याकडं. प्रत्येकाची वेगळी पुडी, वर नाव आणि वेळ. एकाचा दम्याचा पंप तेवढा त्याच्याच खिशात राहणार. तो कसा ओढायचा हे त्याच्या संघातल्या सगळ्यांना दाखवून ठेवलं.

वस्तीवरच्या पोराची पिशवी बियाण्याची, धुऊन स्वच्छ केलेली. दोन कपडे, ताट-पेला, दोरी, चादर. कुठं काय आहे ते डोळे मिटून सांगितलं त्यानं. तळाशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला नवा कंगवा आणि पावडरचा डबा होता. यादीत नाहीत. मी काही बोललो नाही.

७ मे

फोन नाही म्हणून पोस्टकार्डं आणली. पन्नास पैशांना एक. पोस्टातले बाबू म्हणाले, इतकी एकदम कोणी मागितल्याला वर्षं झाली. पोरांना सांगितलं, तिथून तिसऱ्या दिवशी घरी एक पत्र टाकायचं. पहिल्या दिवशी नाही, पहिल्या दिवशी लिहिलेली पत्रं वाचून घरचे गाडी करून येतात. पत्ते इथंच लिहून घेतले. २२ पैकी पाच जणांनाच आपला पिनकोड माहीत. १९७२ पासून सहा आकडे गावाच्या नावामागं लागलेत, पण ऑनलाइन मागवायला जेवढे लागतात तेवढेच आठवतात आणि मागवतात बाप. कार्डं बहुतेक आम्ही परत आल्यावरच पोचतील. तरी लिहायची.

८ मे, रात्री

सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, पहाटे चारला शाळेपाशी यायचं. निरोप लांबवायचा नाही, बस सुरू झाली की घरच्यांनी मागं फिरायचं. तरी दोन कुटुंबं आत्ताच येऊन शाळेच्या ओट्यावर आडवी झालीत.

वस्तीवरचं पोरगं आणि त्याचा बापही आलेत. पहाटे गाडी मिळायची नाही म्हणून रात्रीच चालत आले. पोरगं पिशवीवर डोकं ठेवून झोपलंय. बाप बसूनच आहे. मी चहा घेऊन गेलो. चहा अर्धा झाल्यावर त्यानं विचारलं,

"गुरुजी, तिथं काम काय काय राहील त्याला?"

सांगितलं. सकाळी शिट्टी झाली की उठायचं, व्यायाम, झेंडा, मग डोंगरात भटकंती. नकाशा बघून रस्ता शोधायचा. दुपारी झोप. संध्याकाळी खेळ, रात्री शेकोटीपाशी गाणी.

"आन काम?"

"ताट धुवायचं आपलं. बाकी खेळायचं."

"नुसतं?"

"नुसतं."

त्यानं पोराकडं बघितलं. पेला खाली ठेवला. मग उठून पोराच्या अंगावरची सरकलेली चादर नीट केली आणि पुन्हा येऊन विचारलं, "सात दिवस?"

बारा वाजून गेले. लोणच्याच्या बरणीचं झाकण सैल आहे, ते दोरीनं बांधून टाकतो.