एक्स-रे उभ्याचा, दुखणं चालतानाचं

आईचा उजवा गुडघा सहा वर्षं दुखतोय. एक्स-रे तीनदा काढून झाले आणि तिन्ही वेळा तेच ऐकलं: आतल्या बाजूची गॅप कमी झालीय, गादी झिजलीय, वय झालं. मागच्या वर्षी एका डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली आणि दोन मिनिटांत ऑपरेशनची तारीख विचारली. ऑपरेशन वाईट असं मी म्हणत नाही, काहींना ते लागतंच. पण चार पावलं चालून दाखवा, एवढंही आईला कुणी म्हणालं नाही. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट, कराडला माझं छोटं क्लिनिक आहे. मला ते फार लागलं. एक्स-रे उभ्याचा काढतात, दुखतं मात्र चालताना.

दिवाळीनंतर आईचं चालणं टिपायला ओसरीवर मोबाईल लावला. स्टँडवर, आईच्या खुब्याच्या उंचीला, साडेतीन मीटर लांब, आडवा, सेकंदाला ६० फ्रेम्सवर. आई कॅमेऱ्यासमोरून अगदी आडवी जायला हवी. तिरकी गेली की गुडघ्याचा कोन खोटा दिसतो. आमची शहाबादी फरशी इथं फार कामाला आली, तिच्या सांध्याची रेघ धरून चाल म्हटलं की झालं.

पहिली अडचण साडीची. आई गोल साडी नेसते. मी वापरते ते अ‍ॅप गूगलच्या मीडियापाइपवर चालतं. ते माणसाच्या अंगावर ३३ खुणा मांडतं: नाक, खांदे, खुबे, गुडघे, घोटे, टाचा. निऱ्यांत गुडघा दिसेना, की ते अंदाजानं खूण ठेवतं. स्क्रीनवर आईच्या गुडघ्याची खूण कधी निऱ्यांच्या काठावर, कधी पलीकडच्या पायावर उड्या मारत होती. आई मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "अगं, आजीचं लुगडं काढू का ट्रंकेतनं? काष्टा घालते." आणि खरंच, नऊवारीचा घट्ट काष्टा मारून, पोटऱ्या मोकळ्या ठेवून ती आली, तेव्हा खुणा जागच्या जागी बसल्या. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मावशी साडीतच असतात. त्या दिवसापासून क्लिनिकमध्ये दोन ढगळ नसलेले पायजमे धुऊन ठेवलेत.

दुसरी अडचण, आई छान चालायला लागली. फोटो काढताना माणूस पोट आत घेतो, तसं तिनं लंगडणं आत घेतलं. मग सहा फेऱ्या मारायला लावल्या, पहिल्या दोन सोडून दिल्या. चौथ्या फेरीला ती शेजारणीच्या सुनेबद्दल सांगायला लागली आणि तिचं खरं चालणं आलं.

रात्री किनोव्हियामध्ये, म्हणजे व्हिडिओ थांबवून कोन मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये, एकेक फ्रेम पुढे नेत बसले. उजवी टाच टेकते. इथं निरोगी गुडघा पंधरा-वीस अंश वाकतो, धक्का खाऊन घेतो. आईचा गुडघा जेमतेम ६ अंश. काठीसारखा ताठ. उजवा पाय जमिनीवर ४४ फ्रेम्स, डावा ४९. पाच फ्रेम्सचा फरक म्हणजे सेकंदाचा बारावा हिस्सा. मी रोज तिच्यासोबत राहते, हेच माझं काम आहे, तरी मला तो दिसला नव्हता. १८७८ मध्ये मायब्रिज या छायाचित्रकारानं कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोला ओळीनं कॅमेरे लावले, तेव्हा कळलं की धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी हवेत असतात. डोळ्याला काही गोष्टी पकडताच येत नाहीत.

त्याच पालो आल्टोच्या जमिनीवर पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठ झालं. तिथल्या संशोधकांनी ओपनकॅप नावाचं सॉफ्टवेअर केलं: दोन आयफोन, काळ्या-पांढऱ्या चौकटी छापलेला एक कागद, आणि त्यावरून सांध्यांची त्रिमितीय हालचाल, शिवाय सांध्यावर येणाऱ्या भाराचा अंदाज. एरवी याला अंगावर चमकते गोळे चिकटवणारी आणि जमिनीत बलमापक पट्ट्या बसवलेली प्रयोगशाळा लागते. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्याच आणखी एका अभ्यासात अमेरिकेतल्या ४०५ जणांनी घरच्या घरी खुर्चीतून पाच वेळा उठण्याचे व्हिडिओ काढले. उठताना धड किती पुढे झुकतं, याचा सांधेझिजेशी संबंध दिसला. हे वाचलं तेव्हा मला आमच्या एसटी स्टँडच्या बाकावरून उठणारी माणसंच डोळ्यांपुढे आली.

माझ्याकडे एकच अँड्रॉइड फोन. एका बाजूनं काढलेल्या व्हिडिओत चार-पाच अंशांची चूक सहज होते, म्हणून ते ६ अंश मी कुणाच्या फाइलवर निदान म्हणून लिहिणार नाही. पण तीच ओसरी, तीच रेघ, तेच लुगडं, तीच सकाळची वेळ ठेवली, तर आईची आईशी तुलना करता येते. मला तेवढंच हवं होतं.

व्हिडिओनं पहिली चूक पकडली ती काठीची. आई काठी उजव्या हातात धरायची, दुखऱ्या पायाकडे, आणि प्रत्येक पावलाला तिकडेच कलायची. सगळेच असं धरतात, दुखतं तिथं आधार म्हणून. काठी हवी चांगल्या पायाच्या हातात. तोंडानं हे मी तिला दहादा सांगितलं होतं. काठी या हातात आणि त्या हातात असतानाचे दोन्ही व्हिडिओ शेजारी ठेवून दाखवले तेव्हा ती गप्प बसून बघत राहिली आणि काठी डाव्या हातात घेतली, ती कायमची. मग मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम, रोज दोनदा, दहा आठवडे.

परवाचा व्हिडिओ: उजवा पाय जमिनीवर ४७ फ्रेम्स, डावा ४८. दुखणं गेलेलं नाही, जिना अजून नको वाटतो. पण दूध आणायला ती परत स्वतः जाते.

त्या व्हिडिओच्या शेवटी मी फोन बंद करायला विसरले. ओसरीच्या टोकाला स्वयंपाकघराचा उंबरठा आहे, चांगला वीतभर उंच. सहा वर्षं आई तिथं थांबते, चौकट धरते, आधी डावा पाय वर टाकते. फ्रेममध्ये ती काष्टा सोडवत, कुकरची शिट्टी ऐकून आत वळते. चौकटीला हात लावते, आणि उजवा पाय पहिला टाकते.