दोन कार्ट्रिज, एकच रेकॉर्ड

आजचा अख्खा दिवस ऑर्टोफॉन २एम रेड आणि ऑडिओ-टेक्निका एटी-व्हीएम९५ई या दोन कार्ट्रिज (रेकॉर्ड प्लेअरच्या दांडीच्या टोकाला बसणारा, सुई धरणारा भाग) आलटूनपालटून लावण्यात गेला. पहिल्या फेरीत रेड सरळ जिंकली, पण ते खरं नव्हे. तिचं आउटपुट ५.५ मिलिव्होल्ट, दुसरीचं ४. म्हणजे जवळपास पावणेतीन डेसिबलचा फरक, आणि कानाला मोठा आवाज नेहमीच गोड लागतो. आधी व्हॉल्यूम जुळवा, मग बोला.

जुळवल्यावर फरक बराच आटला. रेडचा 'स' जरा बोचतो, रेकॉर्डच्या प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात जास्तच. तिथे खोबणीचा वेग कमी, लहरी दाटीनं कोरलेल्या.

कार्ट्रिज बदललीत की सुईचं वजन काट्यावर पुन्हा मोजा: रेडला १.८ ग्रॅम, व्हीएम९५ईला २. वजन कमी ठेवलं की रेकॉर्ड वाचते हा गैरसमज; सुई खोबणीत उडते आणि तीच भिंती खरवडते. ओव्हरहँगही (सुईचं टोक मधल्या खुंटीच्या किती पुढे जातं ते अंतर) परत तपासा.

कार्ट्रिजला मागून जोडायच्या तारा: लाल-हिरवी उजवीकडची, पांढरी-निळी डावीकडची. एकाच बाजूच्या दोघींची अदलाबदल झाली की बास गायब, मधला गायक पोकळ. (दोष मग बिचाऱ्या कार्ट्रिजला!)

रेडवर पुढे ब्लूची (त्याच मालिकेतल्या वरच्या मॉडेलची) सुई बसते. व्हीएम९५च्या त्याच बॉडीवर मात्र थेट मायक्रोलिनियरपर्यंत (खूप बारीक घडवलेल्या टोकाच्या सुईपर्यंत) जाता येतं, म्हणून माझं मत तिला.