लाल रेघ, निळी रेघ

तापाच्या साथीचे दिवस, औषधाच्या खिडकीवर रांग. एका बाईंनी चिठ्ठी पुढे केली आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, दहावीपर्यंत शिकलेय मी, पण अक्षरं जागा बदलतात. आकडे तर जास्तच. लिहून नका देऊ, करून दाखवा."

कडेवर दहा किलोचं बाळ, हाताशी सोळा किलोची मुलगी. दोघांना पॅरासिटामॉलच, पण बाळाला ड्रॉप्स (1 एमएलमध्ये 100 मिलिग्रॅम) आणि मुलीला सिरप (5 एमएलमध्ये 250). डॉक्टरांनी बाळाला 1.5 एमएल लिहिलं होतं, मुलीला 5. बाटल्यांची अदलाबदल झाली असती तर बाळाला 150 ऐवजी 75 मिलिग्रॅम आणि मुलीला 250 ऐवजी 500. त्यातून 1.5 मधलं टिंब सुटलं तर पंधरा एमएल! त्यांनी तोंड उघडलं म्हणून हे टळलं.

बाळाच्या बाटलीला लाल रबर, मुलीच्या बाटलीला निळं. बिनसुईच्या दोन सिरिंज घेतल्या. आधी चिकटपट्टीची खूण केली, ती ओली होऊन सरकली. मग सिस्टरांकडची नेलपॉलिश आणून डोसच्या आकड्याशी बारीक रेघ ओढली, बाळाच्या सिरिंजवर लाल, मुलीच्या सिरिंजवर निळी, आणि ती वाळू दिली.

"समजलं का?" विचारून उपयोग नसतो, सगळे हो म्हणतात. त्यांच्याच हाताने पाणी भरायला लावलं. पहिल्यांदा डोस कमी आला: दट्ट्याच्या रबराला दोन कडा असतात, त्यांनी मागची रेघेला लावली होती. औषधाला टेकलेली कडा धरायची. दुसऱ्यांदा हवेचा बुडबुडा राहिला. नंतर सलग तीनदा बरोबर.

दोन डोसांत सहा तास, दिवसात चारच्या वर नाही. प्रत्येक मुलासाठी वेगळा कागद, रोजचे चार चौकोन, डोस दिला की लगेच फुली. घरात आजीही औषध देते, फुली नसेल तर तोच डोस दोनदा जातो. फोनवर त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड केलं: "लाल बाटली, लाल रेघ."

एक गोष्ट तीनदा बजावली. ही रेघ याच बाटलीपुरती. सिरप 5 एमएलला 120 मिलिग्रॅमचंही मिळतं. नवी बाटली आणली की ती दाखवून नवी रेघ घ्यायची.

निघताना त्यांनी पिशवीतून ओआरएसची पाकिटं काढली, काही लिटरभर पाण्याची, काही 200 एमएलची. मोठं पाकीट पेलाभर पाण्यात पडलं तर क्षार पाचपट होतात. लहान पाकिटं मी ठेवून घेतली. घरी आता फक्त मोठी, आणि शेजारी लिटरची एक बाटली.