प्लझेनच्या तळघरात दादाशी वाजलं

प्रागबद्दल मी काही लिहिणार नाही. पूल सुंदर आहे, पुलावर माणसं मावत नाहीत, बस्स. लिहायचंय ते प्लझेन या चेक गावातल्या बिअर कारखान्याच्या तळघरातल्या पाच-दहा मिनिटांबद्दल, कारण तिथे माझं आणि दादाचं जे वाजलं ते ब्रसेल्सला पोचलो तरी मिटलं नव्हतं.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. इम्पोर्टेड बिअर हा त्याचा अभ्यासाचा विषय, आणि अभ्यास म्हणजे लेबलं पाठ. बाटली हातात आली की कुठल्या देशाची, कुठल्या सालापासूनची, किती टक्के हे सगळं घडाघडा सांगतो. मग एक घोट घेऊन, डोळे मिटून निकाल देतो : "हां, ही खरी बाहेरची." त्याच्या मते बाहेरच्या लागरला, म्हणजे थंडाव्यात सावकाश मुरवलेल्या बिअरला, एक उग्र, कुबट वास असतो आणि तो वास हीच अस्सलपणाची खूण. आम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षं माना डोलावल्या. त्याच्याइतका अधिकार कोणाचा होता?

प्रागहून प्लझेन रेल्वेने दीड तासावर. दादाच्या लेखी ही तीर्थयात्राच होती. सोनेरी, स्वच्छ, कडवट लागर, म्हणजे आज जगभर ज्याला पिल्सनर म्हणतात तो प्रकार, या गावात जन्मला. त्याआधी इथली बिअर इतकी बेभरवशाची होती की 1838 मध्ये गावकऱ्यांनी 36 पिंपं टाउन हॉलसमोर ओतून दिली. चवीवरून एवढा राग येणारं गाव मला लगेच आवडलं. मग गावाने नवा कारखाना बांधला आणि बव्हेरियाहून योसेफ ग्रोल नावाचा ब्रूअर आणला. इथलं मऊ पाणी, फिकट भाजलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि झाटेत्स भागातले हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) यांतून 1842 च्या ऑक्टोबरात त्याने जे काढलं तीच पिल्सनर उर्क्वेल.

कारखान्याच्या टूरमधला बाटल्या भरायचा हॉल, फिल्म, तांब्याची भांडी हे सगळं मी विसरले तरी चालेल. खाली तळघरं आहेत. एकूण नऊ किलोमीटर लांबीचे बोगदे, भिंतींना ओल, आणि ऐन जूनमध्ये हुडहुडी भरावी इतकी थंडी. आजची बिअर स्टीलच्या टाक्यांत होते, पण थोडी अजूनही जुन्या पद्धतीने ओकच्या पिंपांत मुरवतात. कशासाठी, तर दोन्हींची चव ताडून बघायला. चव बदलली नाही ना, याचा पुरावा म्हणून हा सगळा खटाटोप चालू ठेवलाय. पिंपांना आतून डांबरासारखा राळेचा थर देतात, त्यामुळे लाकडाची चव उतरत नाही. ते काम करणारे सुतारही कारखान्याचेच.

पिंपासमोर उभ्या माणसाने तोटी फिरवली आणि ग्लास भरत गेला. गाळलेली नाही, पाश्चराइझ केलेली नाही. त्यामुळे सोनेरी असली तरी किंचित धूसर. फेस दाट आणि ओलसर. नाक जवळ नेलं तर आधी ताज्या पावाचा वास, मग मधासारखं काहीतरी, अगदी मागे लोण्याची झाक, आणि त्या सगळ्यावर हॉप्सचा हिरवा, गवती दरवळ. तोंडात गोडसर. कडवटपणा घोट उतरल्यावर सावकाश येतो आणि बराच वेळ हलत नाही. मी खरोखर गप्प झाले.

दादा म्हणाला, "कच्ची आहे. आणि तो वास कुठाय?"

"कुठला वास?"

"अगं तोच. बाटलीला असतो तो. हिला काहीच नाही. पर्यटकांना काहीतरी पातळ पाजतात."

हे तो मराठीत म्हणून थांबला असता तर मी गिळून टाकलं असतं. पण गाईडलाही इंग्रजीत विचारलंन. बाई क्षणभर बघत राहिली, मग हसून म्हणाली, "हिरव्या बाटलीतला ना? तो उन्हाचा वास." दादाचे कान लाल झाले. वर येईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही, जणू ती बाई माझी मावशी लागत होती.

प्रकरण साधं आहे. हॉप्समधून जी कडू द्रव्यं बिअरमध्ये येतात ती उजेडात फुटतात. बिअरमधलं रायबोफ्लेविन, म्हणजे बी-2 जीवनसत्त्व, तो उजेड शोषून या कामाला मदत करतं. त्यातून गंधक असलेलं एक संयुग तयार होतं. ते इतकं उग्र की लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. अमेरिकेत या वासाच्या बिअरला सरळ 'स्कंक्ड' म्हणतात, स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्यावरून. तपकिरी काच तो उजेड बराचसा अडवते, हिरवी फारसा नाही, पांढरी जवळजवळ नाहीच. डब्यात आणि पिंपात प्रश्नच येत नाही. म्हणजे दादा ज्याला देशाची चव समजत होता ती दुकानातल्या ट्यूबलाइटची चव होती.

हे त्याला पटणार कसं? संध्याकाळी गेस्टहाउसवर प्रयोग केला. हिरव्या बाटलीतली, जगभर मिळणारी एक लागर, खोक्यातून काढलेल्या दोन बाटल्या. एक कपाटात, एक खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात. तासाभराने दोन्ही सारख्याच गार केल्या आणि ग्लास भरायचं काम वहिनीकडे दिलं. वहिनी पीत नाही, पण आमच्या सगळ्यांत तिचं नाक तिखट. तिने पाठ करून तीन ग्लास भरले : दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळी कुठली ते ओळखायचं. चव तपासणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये हीच रीत आहे, आणि घरी करून बघाल तर भल्याभल्यांची जिरते.

दादाने वेगळा ग्लास पहिल्या झटक्यात ओळखला, हे कबूल करायला हवं. जीभ त्याची उत्तम आहे. ग्लास उचलून म्हणाला, "ही. ही खरी इम्पोर्टेड."

"अहो, ती खिडकीतली," वहिनी म्हणाली.

पुढच्या जेवणाबद्दल न लिहिलेलं बरं. एवढंच सांगते की जेवलो त्या पबमध्ये टाकीतली ताजी बिअर होती. वेटर टेबलावरच्या चिठ्ठीवर रेघोट्या ओढत जातो आणि ग्लासवर पुठ्ठा ठेवला नाही तर न विचारता पुढचा आणून ठेवतो. या आदरातिथ्याबद्दल मी चेक लोकांना बाकी सगळं माफ केलंय, त्यांचं न हसणंसुद्धा. दादाने नळावरच्या माणसाकडून 'म्लीको' मागवलं. जवळजवळ सगळा फेसच, गोड आणि मलईदार, तो बसायच्या आत दोन-चार घोटांत संपवायचा. ते मात्र त्याने पुन्हा मागवलं.

तेव्हापासून कुठलीही बाहेरची बाटली हातात आली की मी देश शेवटी बघते. आधी काचेचा रंग, मग तारीख. हलक्या लागरला आणि हॉप्सवर उभ्या असलेल्या आयपीए या कडवट बिअरला वय सोसत नाही. महिने आणि उकाडा लागले की हॉप्सचा वास आधी उडतो, मग ओल्या पुठ्ठ्याची चव येते. ग्लासात ओतून वास आधी घ्यायचा, कारण फार गार बिअर सगळे दोष लपवते आणि गुणही. आणि वाइनसारखं थुंकायचं नाही. कडवटपणाचा हिशेब गिळल्यावरच लागतो. स्पर्धांमध्ये परीक्षक वापरतात त्या बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या तक्त्यात एकूण 50 गुण असतात : वासाला 12, दिसण्याला 3, चवीला 20, तोंडातल्या स्पर्शाला 5 आणि एकंदर अनुभवाला 10. दादाच्या तक्त्यात लेबललाच 40 होते.

ब्रसेल्सला पोचलो आणि मोठ्या चौकाजवळच्या एका दुकानाने माझं डोकं फिरवलं. काचेच्या दर्शनी खिडकीत शेकडो बाटल्या, वर भरदुपारचं ऊन. मला वाटलं शोभेच्या असतील. विचारलं तर दुकानदार म्हणाला, "त्याच विकतो." आत एक अमेरिकन आयपीए जवळपास दहा युरोला. तळाशी बारीक अक्षरात भरल्याची तारीख, तीही गेल्या उन्हाळ्याची. मी ती दाखवली तर त्याने खांदे उडवले. बिअर संस्कृतीला 2016 मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळवलेल्या देशाच्या राजधानीत हे. त्या गल्लीत गर्दी इतकी, की चिडून बाहेर पडायलाही रांगेत थांबावं लागलं.

कॅन्टिलॉन या तिथल्या ब्रूअरीत मात्र पैसे वसूल. 1900 पासूनचं घर, धूळ, कोळ्यांची जाळी. ती मुद्दाम झाडत नाहीत, कोळी फळांवरच्या माश्या खातात म्हणून. वरच्या मजल्यावर तांब्याच्या उथळ हौदात माल्टचा गरम रस रात्रभर उघडा ठेवतात आणि हवेतलं यीस्ट त्यात आपोआप पडतं. म्हणून हे काम फक्त थंडीच्या महिन्यांत. मग पिंपांत वर्षं जातात. अशी मुरलेली बिअर म्हणजे लाम्बिक; एक, दोन आणि तीन वर्षांची लाम्बिक एकत्र करून ग्युझ होते. आंबट, कोरडी, लिंबाच्या सालीसारखी झणका देणारी. दादा पुटपुटला, "बिघडलीये." मी उत्तर दिलं नाही. लागर अशी लागली असती तर मीही परत केली असती, पण इथे तीन वर्षं खर्चून तोच आंबटपणा कमावतात.

बेल्जियममधलं ब्रुज पावसात गेलं.

शेवटच्या संध्याकाळी ओर्व्हालच्या दोन बाटल्या आणल्या, साधुमठात बनणारी बिअर. हिच्या लेबलावर भरल्याची तारीख छापलेली असते, हे मला सगळ्या ब्रूअरींनी शिकावंसं वाटतं. एक ताजी, एक वर्षाची. बाटलीत भरताना यात ब्रेटानोमायसिस नावाचं यीस्ट घालतात आणि ते आत काम करत राहतं, त्यामुळे एकाच नावाच्या या दोन वेगळ्या बिअर. ताजी हॉप्सने घमघमणारी, कडक. जुनी कोरडी, चामड्याच्या वासाची. मी ताजीला गुण दिले.

वहिनीने दुसऱ्या ग्लासावर नाक नेलं आणि मान फिरवली. "ह्याला तबेल्याचा वास येतोय!"

दादाचा चेहरा उजळला. ग्लास स्वतःकडे ओढत म्हणाला, "हाच! हाच तो बाहेरचा वास!" यात मला चूक काढता येईना, कारण इथे तो वास खरोखरच मठातूनच निघालेला होता. दुसऱ्या दिवशी त्याने जुन्या तारखेच्या सहा बाटल्या शोधून आणल्या, एकेक तारीख मोबाइलच्या उजेडात वाचून. सगळ्या माझ्या बॅगेत गेल्या, कारण त्याची बॅग बिअरच्या ग्लासांनी भरली होती.